सरासरी छान, तरी पहाटे घाम: शुगरचे चढउतार आणि ‘लो’चा धोका घरी कसा मोजावा

एचबीएवनसी ७ आलं की दवाखान्यातून माणूस खूश होऊन बाहेर पडतो. ७ म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातल्या साखरेची सरासरी साधारण १५४. पण १४० ते १७० मध्ये फिरणाऱ्याचीही सरासरी १५४ येते आणि ५५ ते २९० अशा झोक्यावर बसलेल्याचीही १५४च येते. दुसऱ्या माणसाला पहाटे दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि रिपोर्टवर मात्र ‘नियंत्रण चांगले’. शिवाय रक्त कमी असेल तर हा आकडाही भरवशाचा राहत नाही. लोहाच्या कमतरतेमुळे तो खोटा वाढतो. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर खोटा उतरतो.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात: साखर किती वरखाली होते, आणि ती धोक्याच्या खाली जाण्याची शक्यता किती. ग्लुकोमीटर, २५ पट्ट्यांची एक डबी, वही आणि मोबाइलचं कॅल्क्युलेटर एवढ्यावर दोन्ही जमतं.

‘लो’ कशाला म्हणायचं, हे आधी ठरलेलं बरं. ७० च्या खाली गेलं की पहिली पायरी: लक्षणं असोत-नसोत, उपाय करायचा. ५४ च्या खाली दुसरी: इथे मेंदूला साखर कमी पडायला लागते, माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, हातातली वस्तू सोडतो. दुसऱ्याच्या मदतीशिवाय सावरता येत नाही ती तिसरी, मग मीटरचा आकडा काहीही असो.

हे कोणी मोजायचं

फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्यांनी यात फार जीव घालू नये. त्या एकट्या गोळीने साखर सहसा धोक्याच्या खाली जात नाही. ग्लिप्टिन गटाच्या गोळ्यांचंही तसंच. मोजायचं ते इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही घेणाऱ्यांनी. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आहे की नाही हे त्या बघत नाहीत. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं नातवाकडून वाचून घ्या. नावात ‘ग्लिम’ किंवा ‘ग्लिक’ दिसलं तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

धोका आणखी वाढवणाऱ्या गोष्टी: वय ६५ च्या पुढे, किडनी कमजोर (औषध आणि इन्सुलिन दोन्ही शरीरात रेंगाळतात), आधी एकदा बेशुद्ध पडण्याचा प्रसंग, दारू, आणि वेळेवर जेवण न मिळणारं काम. बीडकडून ऊसतोडीला गेलेला मजूर पहाटे चारला फडात उतरतो आणि पहिली भाकरी कधी पोटात जाईल हे गाडी भरण्यावर ठरतं. त्याच्या हातात सकाळच्या गोळीची चिठ्ठी देताना हे विचारात घेतलंच पाहिजे.

पट्टी खोटं बोलू नये म्हणून

चांगल्या मीटरलाही मोकळीक असते. आंतरराष्ट्रीय निकषानुसार १०० च्या खालच्या आकड्यांत १५ चा आणि त्यावर १५ टक्क्यांचा फरक चालतो, तोही शंभरातल्या ९५ वेळा. म्हणजे मीटरवर ७२ दिसलं तर खरी साखर ६० असू शकते. ७० ते ८० मधल्या आकड्याकडे, विशेषतः अंग थरथरत असेल तर, ‘लो’ म्हणूनच बघायचं.

त्यावर आपण स्वतः घातलेल्या चुका वेगळ्या. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. हे शिष्टाचारासाठी नाही. हुरड्याच्या दिवसांत गुळाचा खडा मोडलेल्या बोटाने पट्टी लावली की साखर खऱ्यापेक्षा बरीच जास्त दिसू शकते. मग कुणी जास्तीचं इन्सुलिन टोचतं आणि दोन तासांनी खरी शुगर खाली जाते. शेतात पाणी नसेल तर बोट पुसून पहिला थेंब टाका, दुसरा पट्टीला लावा. ओल्या बोटाने रक्त पातळ होऊन आकडा कमी येतो. स्पिरिट लावलंच तर वाळू द्या.

टोचायचं बोटाच्या कडेला, मधल्या किंवा अनामिकेच्या. खुरप्या-कोयत्याने घट्टे पडलेल्या हातांना सुईची खोली एक-दोन खाचा वाढवावी लागते. रक्त येत नाही म्हणून बोट पिळू नका, पेशींमधलं पाणी मिसळतं. हात खाली सोडून अर्धा मिनिट झटका, येईल.

पट्टीचा सगळ्यात मोठा शत्रू आपल्याकडचा उन्हाळा. बहुतेक पट्ट्या ३० अंशांपर्यंत ठेवायच्या असतात आणि परभणी-नांदेडला एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे असतो. पत्र्याच्या घरात किंवा मोटारसायकलच्या डिक्कीत डबी ठेवली की पट्ट्या गेल्या. पण फ्रीजमध्येही नको, बाहेर काढताना ओल धरते. घरातली सगळ्यात थंड, कोरडी जागा शोधा. पट्टी काढली की झाकण लगेच लावा, आणि डबी उघडल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहा. उघडल्यानंतर किती महिने चालते ते डबीवर छापलेलं असतं. अंगात रक्त फार कमी असेल तर बरीच मीटरं साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात, म्हणजे ‘लो’ झाकलं जातं. हिमोग्लोबिन आठ-नऊवर असलेल्या बायकांनी एकदा शिरेतल्या रक्ताच्या तपासणीशी आपलं मीटर ताडून बघावं.

२५ पट्ट्यांत बारा दिवस

रोज सकाळी उपाशीपोटीच तपासायची सवय पुष्कळांना असते. त्यातून फक्त सकाळ कळते. झोका कळायला दिवसाचे वेगवेगळे कोपरे तपासावे लागतात, आणि रोज आठदा बोट टोचणं ना परवडतं ना कुणी करतं. म्हणून जोड्यांची फेरी:

पहिला दिवस: न्याहारीआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी.
दुसरा दिवस: दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर दोन तासांनी.
तिसरा दिवस: रात्रीच्या जेवणाआधी आणि नंतर दोन तासांनी.
चौथा दिवस: झोपताना आणि पहाटे तीनला, गजर लावून.

चार दिवसांत आठ पट्ट्या. अशा तीन फेऱ्या म्हणजे १२ दिवस, २४ पट्ट्या. उरलेली एक पुरत नाही हे उघड आहे. मध्येच थरथर, घाम, एकदम लागलेली भूक, धडधड असं काही झालं तर तेव्हा तपासा आणि त्या दिवसाची जोडी सोडून द्या. लक्षणाच्या वेळची पट्टी वाया जात नाही.

पहाटे तीनचा आकडा लोक सर्रास गाळतात, आणि नेमका तोच लागतो. रात्री ३०/७० हे मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांत त्यातला लांब पल्ल्याचा भाग मध्यरात्रीनंतर जोरावर असतो. ज्यांच्याकडे शेतीची थ्री-फेज लाइट रात्रीची असते ते त्याच वेळी पाण्याची दारं धरायला रानात असतात: अंगमेहनत, पोट रिकामं, आजूबाजूला कुणी नाही. अशा रात्रीचा एक आणि घरी झोपलेल्या रात्रीचा एक, असे दोन्ही आकडे वहीत हवेत.

वहीत पाच रकाने पुरे: तारीख-वेळ, आकडा, आधी काय आणि किती खाल्लं (दीड भाकरी, अर्धी वाटी पिठलं, इतकं मोघम चालेल), औषध-इन्सुलिन किती वाजता किती, आणि काम किंवा लक्षण. लक्षणामुळे घेतलेल्या आकड्यावर चांदणी करा. साखर खाल्ल्यावर पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलेला आकडा हिशेबात धरू नका, नाहीतर एकच ‘लो’ दोनदा मोजलं जाईल.

चढउतारांचा हिशेब

एका फेरीत समजा हे आठ आकडे आले: न्याहारीआधी ११८, नंतर २१२, दुपारी जेवणाआधी ८४, नंतर १४८, रात्री जेवणाआधी ९६, नंतर १९०, झोपताना १३०, पहाटे तीनला ६२.

बेरीज १०४०, भागिले ८, सरासरी १३०. एचबीएवनसीच्या भाषेत हे ६.२ च्या आसपास येतं. कुणीही पाठ थोपटेल.

आता प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते काढा आणि त्याचा वर्ग करा. ६२ हा ६८ ने लांब, वर्ग ४६२४. २१२ हा ८२ ने लांब, वर्ग ६७२४. असे आठही करून बेरीज १८,६८८ येते. आकड्यांच्या संख्येतून एक वजा करून, म्हणजे ७ ने, भागा: २६७० च्या जवळ. त्याचं वर्गमूळ ५१.७. हे प्रमाण विचलन. मोबाइलवर एक्सेल असेल तर त्यातलं स्टँडर्ड डेव्हिएशनचं सूत्र हे एका क्षणात करतं.

५१.७ ला सरासरीने म्हणजे १३० ने भागून १०० ने गुणा: जवळजवळ ४० टक्के. याला डॉक्टर सीव्ही म्हणतात. ३६ टक्क्यांपर्यंत साखर स्थिर धरतात, त्यावर अस्थिर. नुसतं विचलन न बघता टक्केवारी का काढायची? सरासरी वाढली की विचलनही आपसूक वाढतं. २२० सरासरीला ६० चं विचलन तितकं घाबरवणारं नाही, १२० ला आहे, कारण तिथून ७० हाकेच्या अंतरावर आहे.

फक्त आठ आकड्यांवर निकाल लावू नका. तिन्ही फेऱ्यांचे २४ घ्या. तरीही हा अंदाजच, कारण जेवणाआधी-नंतरचे ठरवून निवडलेले क्षण मोजले की झोका थोडा जास्त दिसतो. महिन्या-दोन महिन्यांनी त्याच वेळापत्रकाने पुन्हा मोजलेल्या स्वतःच्याच आकड्याशी तुलना करणं जास्त खरं. चढउतार मोजायची आणखी डझनभर सूत्रं आहेत. घरच्या वहीला त्यांची गरज नाही.

‘लो’चा धोका: एक तयार तक्ता

सीव्ही वरचे आणि खालचे झोके एकाच मापाने मोजतं. पण २१२ आणि ६२ यांचा धोका सारखा नाही. यासाठी व्हर्जिनिया विद्यापीठातल्या बोरिस कोव्हाचेव यांनी सहकाऱ्यांसोबत १९९७ मध्ये रक्तशर्करेची मोजपट्टीच गणिताने बदलली, आणि त्यातून एलबीजीआय (लो ब्लड ग्लुकोज इंडेक्स) हा निर्देशांक आला. मूळ सूत्रात लॉगॅरिदम आहे. त्यात न पडता, ते सूत्र सोडवून आलेले गुण इथे देत आहोत:

११० आणि वर: ०
१००: ०.५
९०: १.७
८०: ४
७०: ७.८
६०: १३.६
५०: २२.५
४०: ३६.४

मधल्या आकड्यांना अंदाजाने मधले गुण द्या. सगळ्या आकड्यांच्या गुणांची बेरीज करून एकूण तपासण्यांच्या संख्येने भागायचं, ज्यांना शून्य मिळालं त्यांनाही धरून. वरच्या उदाहरणात ६२ ला १२.२, ८४ ला ३, ९६ ला ०.९, बाकी शून्य. बेरीज १६.१, भागिले ८, म्हणजे २. निर्देशांक १.१ च्या खाली असेल तर धोका नगण्य, १.१ ते २.५ कमी, २.५ ते ५ मध्यम, ५ च्या वर जास्त.

आता पहाटेचा ६२ बदलून ५० करून बघा. सरासरी १३० वरून १२८.५ होते, कुणाच्या लक्षातही येणार नाही. एलबीजीआय मात्र २ वरून ३.३ वर, मध्यम धोक्यात. जो खड्डा सरासरी बुजवून टाकते तो इथे उघडा पडतो. चांदणीचे आकडे धरून एकदा आणि सोडून एकदा काढा. दोन्हींत मोठा फरक असेल तर ठरलेल्या वेळा सोडून भलत्याच वेळी शुगर पडते आहे, आणि वेळापत्रक त्या वेळेकडे सरकवायला हवं.

एक प्रश्न आकड्यांशिवायचा आहे: शुगर उतरायला लागली की तुम्हाला कळतं का? ‘नेहमी कळतं’ ला १, ‘कधीच कळत नाही’ ला ७. स्वतःला ४ किंवा जास्त गुण द्यावे लागत असतील तर एलबीजीआय कितीही कमी असला तरी धोका मोठा धरा. वारंवार ‘लो’ झालेल्या शरीराची घंटा वाजेनाशी होते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, मेटोप्रोलॉल-प्रोप्रॅनोलॉल गटातल्या, धडधड आणि थरथर झाकतात. घाम मात्र येतो. हा प्रश्न घरच्यांनाही विचारा. बऱ्याचदा बायकोचं उत्तर आणि नवऱ्याचं उत्तर जुळत नाही, आणि बायकोचं खरं असतं.

दंडावरचा सेन्सर

परवडत असेल तर दंडाला चिकटवायचा, सतत साखर मोजणारा १४ दिवसांचा एक सेन्सर वर्षातून एक-दोनदा लावल्याने जे कळतं ते वहीतून कळणार नाही, विशेषतः झोपेतलं. अहवालात हे शोधा: ७० ते १८० मध्ये वेळ ७० टक्क्यांपेक्षा जास्त, ७० च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे दिवसाला तासाभराच्या आत, ५४ च्या खाली १ टक्क्यापेक्षा कमी, म्हणजे पाव तास. वयस्कर किंवा नाजूक प्रकृतीच्या माणसाला ७० च्या खाली १ टक्काही नको, त्यासाठी ७० ते १८० मधला वेळ ५० टक्क्यांवर आला तरी चालतो. सीव्ही अहवालात छापूनच येतो. १४ पैकी किमान ७० टक्के वेळेची नोंद नसेल तर या टक्केवाऱ्यांवर विसंबू नये.

सेन्सर रक्तातली नाही, पेशींमधल्या पाण्यातली साखर मोजतो, त्यामुळे तो पाच-दहा मिनिटं मागे असतो. साखर खाल्ल्यावरही तो ‘लो’च दाखवत राहतो आणि माणूस खातच सुटतो, सावरताना बोटाच्याच पट्टीवर जा. त्याच दंडावर झोपलं की रात्री खोटा खड्डा दिसतो, एकदम उतरून कूस बदलताच एकदम वर. पहिल्या दिवसाचे आकडे कच्चे असतात. काही सेन्सरांना क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या चुकवतात, काहींना पॅरासिटामॉल, माहितीपत्रक बघा.

झोका कुठून येतो

सीव्ही जास्त निघालं की पहिला दोष जेवणाला दिला जातो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी सुईकडे बघावं.

आपल्याकडे इन्सुलिन ४० आणि १०० अशा दोन ताकदींत मिळतं. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या कुपीसाठी, केशरी टोपणाची १०० साठी. पेनमधली कार्ट्रिज १०० ची असते. पेन बिघडलं म्हणून तिच्यातून लाल टोपणाच्या सिरिंजने १० खुणेपर्यंत औषध ओढलं तर अंगात १० नाही, २५ युनिट जातात. ही चूक जीवघेणी आहे.

ढगाळ इन्सुलिन टोचण्याआधी तळहातांत दहा वेळा घोळवा आणि दहा वेळा उलटसुलट करा. जोरात हलवू नका. नीट मिसळलं नाही तर आज एक डोस, उद्या दुसराच. रोज पोटाच्या त्याच जागी टोचून मऊ गाठ झाली असेल तर तिथून औषध लहरीप्रमाणे शोषलं जातं. जागा बदला, पण नव्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो, म्हणून डॉक्टरांना विचारून आणि पहिले काही दिवस जास्त तपासून.

तिसरी गोष्ट उन्हाळ्याची. वापरातली कुपी साधारण २८ दिवस चालते, पण गरम होऊ दिली नाही तरच. भारनियमनात फ्रीजचा भरवसा नसेल तर मडक्याची युक्ती चांगली आहे: लहान मडकं मोठ्यात ठेवून मध्ये ओली वाळू भरा, कुपी कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात, वर ओलं फडकं, सावलीत आणि वाऱ्याला. बर्फाला चिकटवून कधीही नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. उन्हाने मेलेल्या इन्सुलिनचा सापळा असा: आकडे चढतात, डोस वाढवत नेला जातो, मग नवी ताजी कुपी उघडली की तोच वाढलेला डोस पूर्ण ताकदीने लागतो आणि शुगर कोसळते. नवी कुपी उघडल्यावर दोन दिवस पहाटेची तपासणी कराच.

गोळ्यावाल्यांचा झोका बहुतेक वेळा चुकलेल्या जेवणातून येतो. नवरात्रात नऊ दिवसांचा उपवास, श्रावणी सोमवार, एकादशी. गोळी मात्र नेहमीची. साबुदाण्याने दोन तासांत साखर वर जाते आणि संध्याकाळपर्यंत काहीच नाही, म्हणून खाली येते. आषाढीला पैठणहून पंढरपूरला पायी जाणाऱ्यांचं चालणंच एवढं असतं की नेहमीचा डोस जड होतो, आणि त्याचा परिणाम मुक्कामाच्या रात्रीही राहतो. उपवास किंवा वारी यांच्या दोन आठवडे आधी वही घेऊन डॉक्टरांकडे जा. डोस स्वतः बंद करू नका. रोज्यात बोट टोचल्याने रोजा तुटत नाही असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. आकडा ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेला तर मात्र तो सोडावा असं तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे.

आकडा ७० च्या खाली दिसला तर

वही बाजूला. १५ ग्रॅम साखर: साधारण चार सपाट चहाचे चमचे, अर्धा पेला पाण्यात. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. पेढा, चॉकलेट, शेंगदाण्याचा लाडू उपयोगाचे नाहीत. त्यातलं तूप-तेल साखरेला पोटातच अडवतं. साखर वर आली आणि पुढचं जेवण तासाभरात नसेल तर अर्धी भाकरी खा.

गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर फार हळू लागू पडते, कारण ती फोडण्याचं कामच ही औषधं रोखतात. त्यांनी औषधाच्या दुकानातली ग्लुकोज पावडर जवळ ठेवावी. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांच्यामुळे झालेलं ‘लो’ एकदा सावरलं तरी पुढच्या दिवसभरात, किडनी कमजोर असेल तर त्याहूनही नंतर, परत येऊ शकतं. अशा माणसाला त्या रात्री एकटं झोपू देऊ नका आणि दवाखान्यात दाखवाच.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, सरबत नाही, पाणी नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेत त्याच्या औषधांची पाकिटं आणि वही सोबत द्या, आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा.